निव्वळ वजन

आर्णी रोडच्या जिनिंगवर मी काट्यावर बसतो.
भरली गाडी चढते, आकडा लिहितो.
रिकामी होऊन परत येते, आकडा लिहितो.
मधला फरक, तेवढा कापूस.
एकोणीस वर्षं हेच.
उरल्या वेळात कथा लिहितो,
रद्द पावत्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर, मग वहीत.

कौसल्या खोब्रागडे उपकेंद्रात नर्स आहे.
तीही लिहिते. लसीकरणाच्या जुन्या रजिस्टरात,
जिथं बाळांची नावं संपतात तिथून पुढं.

आमचा करार साधा.
सोमवारी, बाजारात, शालिकच्या भज्याच्या गाडीमागं
एक द्यायची, एक घ्यायची.
दुसऱ्याची वाचल्याबिगर आपली पुढं करायची नाही.
पेन्सिलनं लिहायचं.
आणि "छान" लिहायचं नाही.
छान हे पाहुण्यानं म्हणायचं,
भाजीत मीठ नसलं तर.

पहिल्याच खेपेला माझ्या समासात तिचं बारीक अक्षर:
"तुमची पार्वती पान चारवर बाळंत होते
आणि पान पाचवर विहिरीचं पाणी शेंदते.
मी हजारभर बाळंतपणं केली. असं होत नाही.
किंवा होतं. मग तसं लिहा,
पोटरीवरून ओघळ येऊ द्या, हातातून दोर सुटू द्या.
आणि ह्या बाईला भूक कधी लागते?"

दोन दिवस मी जेवताना गप्प.
घरच्यांना वाटलं, मालक काही बोलला.
तिसऱ्या रात्री पार्वतीला
शिळी भाकर अन् ठेचा वाढला.
कथा तिथंच उठून बसली.

मीही कमी नव्हतो.
"मॅडम, विशेषणं म्हणजे पाणी मारलेला कापूस.
वजन भरतं, पण हात घातला की कळतं."
तिच्या एका परिच्छेदातून सव्वीस शब्द वजा केले,
खाली सही ठोकली, सवयीनं.
ती हसली.
"भाऊ, तुमी तं गवतासंगं माही पऱ्हाटीबी उपटली."
अकरा शब्द तिनं परत लावले.
नऊ बरोबर होते. दोनांवर अजून भांडण आहे.

मग तिची ती गोष्ट आली.
एक म्हातारा दवाखान्याच्या ओट्यावर
आत नेलेल्या सुनेची चप्पल सांभाळत बसतो.
उजाडेपर्यंत. बस.
मी खाली लिहिलं: काटा हलला नाही.

तीन सोमवार ती आली नाही.
माझी वहीही तिच्याकडंच.
"काटेवाले, बाई नाही दिसून राहिल्या?"
शालिक दर वेळी विचारायचा, झाऱ्यावरून तेल निथळत ठेवून.

चौथ्या सोमवारी आली.
माझ्या वहीची अकरा पानं तपासलेली, मन लावून,
माझ्या नायकाचं वय कुठं चुकलं तेही.
आणि तिच्या गोष्टीत एक अक्षर बदललेलं नाही.
फक्त माझ्या शेऱ्याखाली तीन शब्द:
काटा तपासून घ्या.

आता, माझा काटा साहेब दर साली तपासतो.
जीपमधून लोखंडी वजनं उतरवतो, एकावर एक चढवतो,
सील मारतो, चहा पिऊन जातो.
एकोणीस वर्षांत खोट निघाली नाही.

त्या रात्री शेवटचा ट्रॅक्टर गेल्यावर
मी पायातली चप्पल काढली
आणि नेऊन ठेवली मधोमध, चाळीस टनांच्या पत्र्यावर.
केबिनमध्ये येऊन पाहिलं.
शून्य.
दुसरीही ठेवली.
शून्य.
अनवाणी उभा राहिलो जरा वेळ,
सरकीचा वास, कुत्रं कुठंतरी.
मग रजिस्टर काढलं.

पुढच्या सोमवारी तिच्या समासात एवढंच होतं:
"ओळ नववी. म्हातारा चप्पल उलटी करून
टाचेत रुतलेला खडा काढतो.
इथं."

तिनं वाचलं. रजिस्टर पिशवीत टाकलं,
वर वांगी.
"भजे घ्या, थंडे होऊन रायले."
मग माझी वही उघडून बोट ठेवलं:
"विहीर पहिली ऱ्हस्व असते, भाऊ.
सहा वर्षं झाली सांगून राहिली."